लेक सिम्कोच्या बर्फावर पर्च: मासा लागलाय हे ओळखायचं कसं

डिसेंबर उजाडला की टोरोंटोच्या आसपासच्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात, "अरे ते बर्फाला भोक पाडून मासे धरतात ना, एकदा आम्हालाही ने", आणि फोन करणाऱ्याने तोवर चार व्हिडिओ बघून ट्रंकभर सामान घेतलेलं असतं. मग फेब्रुवारीत तोच माणूस सांगतो की सिम्कोत मासेच राहिले नाहीत. मासे आहेत हो, भरपूर आहेत, तुमच्या गळाला तोंड लावून जातायत आणि तुम्हाला पत्ता नाही. हे प्रत्येकाला फोनवर सांगून माझा घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

गरम कपडे, लायसन्स, थर्मास वगैरे मी धरून चालतोय. ओंटारियोत १८ ते ६४ वयाच्या माणसाला लायसन्स लागतं, ते काढा आणि पुढे वाचा.

आधी ठरवा, कुठला मासा

सिम्को म्हणजे टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने साधारण तासाभरावर पसरलेला ७२२ चौरस किलोमीटरचा तलाव. बॅरी शहराला लागून असलेल्या केंपेनफेल्ट बे मध्ये तो ४१ मीटरपर्यंत खोल जातो, आणि दक्षिणेचा कुक्स बे त्यामानाने अगदी उथळ. नवीन माणसाचा डोळा नेहमी लेक ट्राउटवर, कारण फोटोत तो मोठा दिसतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिली दोन वर्षं ट्राउटच्या नादी लागू नका, पर्च नावाचा छोटा मासा धरा. तो आणि व्हाइटफिश वीस-वीस मीटरच्या खाली असतात, दिवसभर बसून एखादा लागतो, सीझनही १ जानेवारीला उघडून १५ मार्चला बंद, आणि रिकाम्या हाताने घरी गेलात की बायको पुढच्या शनिवारी सोडत नाही.

शिवाय इथल्या ट्राउटची गोष्टच वेगळी आहे. आजूबाजूच्या शेतीतलं आणि गावांच्या सांडपाण्यातलं फॉस्फरस तलावात येत राहिलं, त्यावर शेवाळ माजलं, ते मरून तळाला कुजलं आणि खोल थंड पाण्यातला ऑक्सिजन खाऊन बसलं. ट्राउटची पिल्लं नेमकी त्याच पाण्यात वाढतात, त्यामुळे त्यांची नैसर्गिक पैदास जवळजवळ बंद पडली आणि १९६० च्या दशकापासून सरकारच पिल्लं सोडत आलंय. आम्ही भिगवणकडचे, उजनीचं हिरवं पाणी बघत वाढलो, आम्हाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथे २००८ मध्ये या एका तलावासाठी वेगळा कायदा झाला आणि त्याखाली पुढच्या वर्षी फॉस्फरस वर्षाला ४४ टनांवर आणायचं आणि खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन ठेवायचा असं ठरलं. सोडलेल्या पिल्लाचा एखादा पर कापून सोडतात, त्यामुळे सगळे पर शाबूत असलेला ट्राउट वर आला की भोकाभोवती जमलेली मंडळी खूश होतात, हा इथेच जन्मलेला म्हणून. लेक हेरिंग नावाच्या माशाचंही तसंच, २००१ मध्ये त्याची मासेमारी पूर्ण बंद केली होती आणि २०१५ मध्ये थोडी खुली केली.

पर्चला असलं काही सोसावं लागलेलं नाही. पिवळा, अंगावर हिरवट काळे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी, हातभरसुद्धा नाही, वीतभर म्हणा. त्याची पैदास त्याची तोच करतो, झुंडीने फिरतो, वर्षभर खुला आहे आणि साध्या स्पोर्ट लायसन्सवर दिवसाला ५० ठेवता येतात, स्वस्तातल्या कॉन्झर्व्हेशन लायसन्सवर २५. झेब्रा मसल नावाचे परके शिंपले आले, पाणी नितळ झालं, मागून गोबी नावाचा तळाला चिकटून राहणारा परका मासा आला, आणि पर्च आता त्या गोबीलाच खातो. पोट फाडलं की बरेचदा तोच निघतो. तेव्हा पर्च.

जागा आणि बर्फ

कुक्स बे आधी गोठतो, मुख्य तलाव आणि केंपेनफेल्ट बराच उशिरा. सुरुवात केझविक गावाच्या बाजूने कुक्स बे मध्ये करा, ३ ते ६ मीटर पाण्यात, तळाला मेलेलं गवत असेल त्याच्या कडेला. हॉलंड नदी जिथे मिळते त्या तोंडाशी जाऊ नका, पाणी वाहतं असतं आणि बर्फ फसवतो.

चालायला १० सेंटिमीटर निळा, काचेसारखा बर्फ पुरे असं सांगतात. मी १५ च्या खाली पाऊल टाकत नाही. पांढरा, बर्फवृष्टीचं पाणी होऊन गोठलेला असेल तर त्याची ताकद निम्मी धरा. हातात पहार घ्या आणि पुढे आपटत चला, एका घावात पाणी आलं तर आल्या पावली मागे. गळ्यात टोच्यांची जोडी, म्हणजे पडलात तर बर्फात रोवून वर येता येतं. गाडी बर्फावर न्यायची नाही, शेजारचा नेतोय म्हणूनही नाही.

भोक पाडायला आपल्या सुताराच्या गिरमिटाचाच मोठा भाऊ, त्याला इथे ऑगर म्हणतात. पर्चला सहा इंची बास. आतला चुरा काढायला भज्यांच्या झाऱ्यासारखा झारा मिळतो. एकदम आठ-दहा भोकं पाडून ठेवा, उथळापासून खोलाकडे एका रांगेत.

आणि हो, ते "मासेमारी म्हणजे संयम" हे वाक्य ज्याने काढलं त्याने बर्फावर पर्च धरलेला नाही. एका भोकावर पंधरा मिनिटं काही झालं नाही की उठा, पुढच्या भोकावर जा. झुंड तुमच्याकडे येईल म्हणून बसून राहणारे संध्याकाळपर्यंत बसूनच राहतात.

मासा लागलाय हे ओळखणं

आता मुद्द्याचं, आणि यावर मी दोन अख्खे हिवाळे वाया घालवलेत.

मी लहानपणापासून उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकलाय. कणकेची गोळी, मोरपिसाच्या काडीचा तरंगा, चिलापीने ओढला की तरंगा डुबकन खाली, आपण काठी वर. डोक्यात हेच पक्कं बसलेलं, मासा लागला म्हणजे दोरा खाली खेचला जाणार. सिम्कोवर पहिल्या हिवाळ्यात मी त्याच खेचेची वाट बघत बसायचो. सहा तास बसलो तरी खेच नाही, आणि दहा फुटांवर एक आजोबा बादलीवर बसून दर दोन-तीन मिनिटांनी एक पर्च वर काढतायत. तेच आमिष, तेवढीच खोली. मला वाटलं नशीब. दुसऱ्या वर्षी वाटलं गळ लहान पडतोय, मोठा लावला, आणखी वाईट.

मग एका मित्राने पाण्यात सोडायचा कॅमेरा आणला. स्क्रीनवर माझा गळ तळापासून वीतभर वर लटकलेला, आणि सात पर्च गोल करून त्याच्याकडे बघतायत. एक पुढे आला, थांबला, गाल फुगवले आणि गळ आमिषासकट आत ओढून घेतला. मी हातातल्या रॉडकडे बघतोय, काही नाही. एक सेकंद गेला असेल नसेल, त्याने फुंकर मारल्यासारखा गळ बाहेर टाकला आणि मागे सरकला. रॉडचं टोक जागचं हललं नव्हतं. पंधरा मिनिटांत हे पाच वेळा झालं. दोन वर्षं मी ज्याला "मासे नाहीत" म्हणत होतो ते हे होतं.

कारण साधं आहे. बर्फाखाली तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास, मासा सुस्त, तो झडप घालून पळत नाही, जागच्या जागी चोखून घेतो. बरेचदा खालून येतो आणि गळ तोंडात घेऊन किंचित वर उठतो, म्हणजे तुमचा दोरा ताणला जायच्या ऐवजी सैल पडतो. खेचेची वाट बघणाऱ्याला हे कसं कळणार?

तर हे करा. रॉड सव्वादोन फुटी, अगदी लवचिक. दोरा ३ किंवा ४ पाउंडी, त्याहून जाड नको, दुकानदार "ट्राउट लागला तर?" म्हणून ८ पाउंडी गळ्यात मारतो, घेऊ नका. गळ टंगस्टनचा, ज्वारीच्या दाण्याएवढा, शिशाचा तेवढ्याच आकाराचा हलका पडतो आणि दोरा सरळ धरत नाही. आणि रॉडच्या टोकाला स्प्रिंग बॉबर, म्हणजे एक बारीक तार किंवा पट्टी जी गळाच्या वजनाने जराशी वाकते. माझा पहिला सात-आठ डॉलरचा होता आणि बाकी सगळ्या सामानापेक्षा त्यानेच जास्त मासे दिलेत. तो किती बाहेर काढायचा ते नीट बसवा, गळ लटकवल्यावर थोडा वाकलेला दिसला पाहिजे, पार खाली लोंबला तर निरुपयोगी आणि सरळ ताठ राहिला तरी निरुपयोगी.

दुसरी गोष्ट, दोऱ्याची वेटोळी. रिळावर गुंडाळलेला दोरा थंडीत तसाच वळलेला राहतो, पाण्यात टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखा. माशाने गळ वर उचलला की ती सगळी हालचाल वेटोळ्यातच जिरते. म्हणून सुरुवातीला दोरा सात-आठ मीटर बाहेर काढून दोन हातांनी ताणून घ्या, हातमोजा काढून, बोटं गारठली तरी. हा एक मिनिट वाचवायला गेलात तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

गळ तळाला टेकवा, स्प्रिंग सरळ होईल. मग वीतभर वर घ्या, स्प्रिंग पुन्हा वाकेल. आता मनगट थरथरल्यासारखं पाच-सहा वेळा बारीक हलवा आणि थांबा. पूर्ण थांबा. हात मांडीवर टेकवा म्हणजे थरथर जाईल, आणि मनात दहापर्यंत मोजा. नवीन माणूस सारखा हलवत राहतो, कुणीतरी सांगितलेलं असतं की हलवलं की मासा येतो. येतो ना, बघायलाही येतो, पण तोंड लावतो थांबल्यावर.

थांबल्यावर डोळे फक्त स्प्रिंगवर. तीन गोष्टी होऊ शकतात. स्प्रिंग वर उठून सरळ झाली, म्हणजे मासा गळ घेऊन वर आलाय, हा सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात जास्त हुकणारा. स्प्रिंग जराशी आणखी वाकली, तोही मासा. किंवा स्प्रिंग स्थिर असायला हवी तिथे थरथरली, तर नव्वद टक्के मासा आणि दहा टक्के वारा, म्हणून पाठ वाऱ्याकडे करून बसा आणि शंका आली तरी उचला. खोटा उचलला तर काय बिघडतंय?

उचलायचं मात्र मनगटाने, अर्धा फूट, सुनेने तव्यावरची भाकरी उलटावी तितक्या बेताने. माझ्यासारखा उजनीवाला झटका दिलात तर पर्चच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते, फाटते. पहिल्या महिन्यात मी असे इतके मासे भोकाच्या तोंडाशी आणून सोडलेत की मोजणं बंद केलं. उचलल्यावर दोरा सैल पडू न देता एका लयीत वर घ्या, बास.

रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो, दर थोड्या वेळाने बोटांनी चेपून काढा. स्प्रिंगवर थेंब गोठला तर ती आंधळी होते.

हे जमायला मला कॅमेरा बघितल्यावरसुद्धा चार-पाच फेऱ्या लागल्या. दोन रॉड लावायची इथे परवानगी आहे, पण शिकेपर्यंत एकच वापरा, दोन ठेवल्यात की एकाकडेही धड बघत नाही.

बाकीचं

आमिष: शायनर नावाची छोटी मासळी किंवा अळ्या. मासळी घेतलीत तर दुकानाची पावती खिशात ठेवा, आणि उरलेलं पाणी भोकात ओतायचं नाही, तो गुन्हा आहे, वर अशाच सवयींनी परकी मासळी एका पाण्यातून दुसऱ्यात जाते.

खोलात, दहा मीटरच्या पुढे, पर्च धरताय तर लहान असला तरी ठेवा. वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला ती ट्राउटसारखी ढेकर देऊन रिकामी करता येत नाही, पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. असा मासा परत सोडला तरी बर्फाखाली उलटा तरंगत मरतो. लहान नको असतील तर उथळात या.

पर्च दिवसा खातो. सकाळी उजाडताना आणि दुपारी तीननंतर चांगलं, अंधार पडला की दुकान बंद. रात्री बर्बट नावाचा मासा लागतो, पण तो वेगळा विषय.

मासे तिथेच साफ करत बसू नका. अधिकारी आला तर कुठला मासा आणि किती हे त्याला ओळखता आलं पाहिजे, म्हणून अख्खे घरी आणा, तसेही बाहेर टाकले की दगडासारखे गोठतात. घरी थंड पाण्यात सैल होऊ द्या, खवले काढायच्या भानगडीत न पडता दोन्ही बाजूंचे फिले काढून कातडी सोलून टाका, एका माशामागे दोन बोटांएवढे दोन तुकडे मिळतात. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, अर्धा तास. रव्यात घोळवून तव्यावर, एका बाजूला दोन मिनिटं. तीन झाली की सुकतो.