जनहिताच्या कामाला जाणाऱ्या विधी विद्यार्थ्यांसाठी आपली तयारी

सुरुवात पैशापासून करू. उन्हाळ्यात गोरगरिबांच्या केसेसवर काम करायला तयार असलेली पोरं-पोरी सोलापुरात मिळतात. गळतात ती बहुतेक खर्चापायी. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. अक्कलकोटहून येणाऱ्या मुलीला कोर्ट, कुंभारी, एमआयडीसी असं फिरायचं तर भाडं खिशातलं. तेव्हा आपण जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी आधी जमवायची आणि भत्ता पहिल्याच आठवड्यात हातात द्यायचा. ‘बिलं आणा, मग बघू’ हा खाक्या नको. (शाल-श्रीफळाचा खर्च यात वळवला तर कुणाचंही काही अडणार नाही.)

मग तारखा. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी असते, त्यामुळे रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) कसा लिहितात, कागदांच्या नकलेचा अर्ज कुठे द्यायचा हे शिकवायचं तर तो महिना टाळा. वस्तीतल्या कामाला मात्र मे चालतो, सकाळी लवकर निघालं तर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. आपलं काम त्यात धरलं जाईल का, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. अपिलाच्या कामासाठी आता मुंबईत खोली शोधायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे. कोल्हापुरात राहायची सोय मात्र आत्ताच बोलून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कागद वाचायला शिकवण्यावर. विडी वळणारी बाई पीएफसाठी येते तेव्हा तिच्या पिशवीत आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि कंपनीचं कार्ड असतं, आणि चारही ठिकाणी नाव वेगळं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे माहेरचं नाव, तिसरीकडे तेलुगू नाव कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं. विद्यार्थ्याने आधी चारही नावं एकाखाली एक जशीच्या तशी उतरवावीत, जन्मतारखा शेजारी लिहाव्यात, मगच प्रतिज्ञापत्राला हात घालावा. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत आणि त्यांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकायचे नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक वस्तीत जाणाऱ्या जोडीत एक तेलुगू बोलणारा हवाच. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. शेजारच्या मुलाला दुभाषा करून बाईला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारणं, हे होता कामा नये.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ मात्र सगळ्यांना तोंडपाठ हवं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं, अपंग, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तरी बायांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पिटाळलं जातं, दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी नम्रपणे कलम दाखवायचं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

वर सही करणारा वकील आधी ठरवा. वकिलीची सनद नसलेल्या विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही, आणि उत्साहाच्या भरात ‘केस नक्की जिंकू’ असं बोलून जातात ती हीच मंडळी. कारागृहात जायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत परवानगी, आणि सोबत अनुभवी वकील. कच्च्या कैद्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ वाचून जावं: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याची बंधपत्रावर सुटका होऊ शकते. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी अडतं. म्हणून अटकेची तारीख आणि इतर खटले, दोन्ही विचारून घ्यायचे.

शेवटचा हिशेब पदवीनंतरचा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर वकील म्हणून नावनोंदणीची फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. ती भरता येते हो. पण त्यापुढचं ज्युनिअरशिपचं पहिलं वर्ष कोरडं जातं आणि चांगली पोरं तिथेच नोकरी धरतात. आपल्यापैकी ज्यांची ऑफिसं नीट चालतात त्यांनी एकेक ज्युनिअर घ्यावा, दरमहा ठरलेली रक्कम द्यावी आणि आठवड्यातला एक दिवस त्याला वस्तीच्या कामाला मोकळा सोडावा. कोण किती देणार हे एप्रिलच्या बैठकीत नावानिशी लिहून घेऊ.