औंधला मुलांना चित्रं दाखवायला नेताय? या चुका टाळा

"बाई, झालं बघून!"

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात शिरून पंधरा मिनिटंही झाली नव्हती आणि आठवीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. रविवर्मांची सैरंध्री, धुरंधरांची चित्रं, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प, सगळं त्याचं बघून झालं होतं. दोष त्याचा नव्हता. "चला, पुढे चला" असं मीच सगळ्यांना हाकत नेलं होतं. त्यानंतर मी दर खेपेला सहलीत काही ना काही बदलत गेले. चित्रकलेच्या इतर शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध साधारण 40-45 किलोमीटर. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी हौसेनं जमवलेला संग्रह 1938 पासून श्री भवानी संग्रहालयात आहे. पुस्तकात बोटभर छापलेलं चित्र आपल्या मुलांना इथे मूळ रूपात, खऱ्या आकारात बघायला मिळतं. इतकं जवळ असून आपण ते धावत दाखवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळंच दाखवायचा हट्ट

सर्वात मोठी चूक हीच. आपल्याला वाटतं, एवढ्या लांब आलोय तर काही सुटायला नको. पण तासाभरात शंभर चित्रं बघितलेल्या मुलाला संध्याकाळी एकही आठवत नाही. मी आता तीनच कलाकृती निवडते. प्रत्येकीला पंधरा-वीस मिनिटं. उरलेल्या वेळात ज्याला जे आवडेल ते त्यानं बघावं.

सैरंध्रीसमोर आधी गोष्ट सांगू नका. हा मोह आवरणं अवघड आहे, मला अजूनही जड जातं. मुलांना खाली बसवा, दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग विचारा: हात कुठे आहेत? मान कशी आहे? उजेड कुठून येतोय? गेल्या खेपेला एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हिला जायचं नाहीये." मी विचारलं, कशावरून? तिला सांगता येईना. ती उठली आणि चित्रातल्यासारखी उभी राहिली. मग स्वतःच्याच खांद्याकडे बघून म्हणाली, "असं उभं राहिलं की पाय उचलतच नाही." त्यानंतर मी कीचकाची गोष्ट सांगितली. सैरंध्री म्हणजे दासी होऊन राहिलेली द्रौपदी, आणि सुदेष्णा राणी तिला आपल्या भावाच्या, कीचकाच्या महाली मद्य आणायला पाठवते, हे ऐकताना वर्ग एकदम शांत झाला. गोष्ट आधी सांगितली असती तर मुलांनी चित्रात फक्त गोष्टच शोधली असती.

मूरच्या 'आई आणि मूल' या शिल्पापाशी हमखास प्रश्न येतो: "हे अर्धवट राहिलंय का?" मुलाला गप्प करू नका, प्रश्न चांगला आहे. जेवढ्या बाजूंनी बघता येईल तेवढ्या बाजूंनी बघायला लावा आणि विचारा, आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं? मग दोन बाजूंनी नुसती बाह्यरेषा काढू द्या. रविवर्मा 1906 साली गेले तेव्हा मूर आठ वर्षांचा होता, एवढं सांगितलं तरी एका पिढीत कला किती बदलली हे नववीच्या मुलांना कळतं.

आधी देवी, मग चित्रं

संग्रहालय यमाईच्या डोंगरावरच, देवळाच्या वाटेवर आहे. आधी पायऱ्या चढून दर्शन घेतलं की मुलं घामाघूम होतात, भूक लागते, आणि मग चित्रांपुढे जांभया. सकाळी ताज्या डोळ्यांनी संग्रहालय बघा, नंतर दर्शन, मग झाडाखाली डबे. आणि निघायच्या आठवडाभर आधी फोन करा: सुट्टीचा वार, मुलांचं तिकीट, फोटोची परवानगी, खाली बसून स्केच करू देतात का. शाळेचं पत्र सोबत ठेवा.

सामानाचा पसारा

दप्तरं गाडीतच ठेवा. पाठीवरच्या दप्तराचा धक्का काचेच्या कपाटाला कधी लागतो ते कळतही नाही. पाण्याचे रंग, शाईची पेनं अजिबात नकोत. 2बी किंवा 4बी पेन्सिली शाळेतच टोक करून आणा, म्हणजे फरशीवर साली पडत नाहीत. परीक्षेचा पॅड आणि चार कागद पुरे.

"हात लावू नका" एवढंच म्हटलं की दहा हात पुढे येतात. कारण सांगा. बोटांचा घाम आणि तेल रंगावर, दगडावर बसतं. उजेडानं उडालेला रंग परत येत नाही, त्यातही जलरंग लवकर फिके पडतात, म्हणून फ्लॅश नको. कारण कळलं की मुलं एकमेकांना आवरतात. तैलचित्रावर चमक येऊन काही दिसत नसेल तर दोन पावलं बाजूला सरकायला सांगा. वॉर्निशवरून परतणारा उजेड डोळ्यांवरून हटतो आणि चित्र दिसायला लागतं.

पाटीवरची माहिती उतरवून घेणं

"उद्या अहवाल लिहून आणा" म्हटलं की सगळ्या माना वह्यांत जातात. चित्राचं नाव आणि चित्रकार, एवढंच लिहू द्या. बाकी कागद रेखाटनासाठी. ज्याला "मला जमत नाही" वाटतं, त्याला पूर्ण चित्र काढायला लावू नका. एक हात, एक दागिना, पदराची एक चुणी, तेवढंच बघून काढू दे.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला, वह्या न उघडता, तीनपैकी एक कलाकृती आठवून काढायला सांगा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राला याचा फायदा होतोच. कागद गोळा केल्यावर मी ते भिंतीवर ओळीनं लावते. त्यात सैरंध्रीची मान किती जणांना आठवली ते बघते आणि त्यावरून पुढच्या सहलीच्या तीन कलाकृती ठरवते.