सिंह शोधायचा तर हरणांकडे बघा

केनियातल्या मसाई मारात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आलेला माणूस दुर्बीण लावून पिवळ्या गवतात पिवळा सिंह शोधत बसतो. तो असा क्वचितच सापडतो. मी सिंह शोधतच नाही. बाकीची जनावरं कुठे बघताहेत ते बघतो. चित्रण चांगलं होतं तेही याच सवयीमुळे, कारण शिकारीची गोष्ट भक्ष्याच्या डोळ्यांत आधी दिसते.

राखीव क्षेत्राची दारं सकाळी ६ वाजता उघडतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि भराभर वर चढतो. नऊनंतर उजेड कडक होतो, दहानंतर जमिनीवरची तापलेली हवा हलायला लागते आणि लांबच्या लेन्समधून सिंह पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. तेव्हा खरं काम पहिल्या अडीच-तीन तासांत. बॅटऱ्या, रिकामी कार्डं, बॉडीला लावलेली लेन्स हे सगळं आदल्या रात्रीच तयार हवं. आणि जाड जॅकेट घ्याच. मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरपेक्षा उंच आहे आणि थंडीने कापणारा हात ६०० मिमीच्या लेन्सवर लपत नाही.

निघण्याआधी पाच मिनिटं तंबूबाहेर उभं राहून नुसतं ऐका. सिंहाची डरकाळी शांत हवेत ८ किलोमीटरपर्यंत जाते, त्यामुळे आवाज बारीक आला तरी दिशा नक्की धरून ठेवा. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा, ये-जा करणारा. तरसांचा एकाच ठिकाणी गोंधळ चालला असेल तर तिथे बहुधा शिकार पडलेली असते.

रस्त्याला लागल्यावर गाडी सावकाश आणि शक्यतो सूर्याच्या दिशेने चालवायला सांगा. समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हात ठशाच्या कडेची सावली उठून दिसते. पहाटे गवत दवाने भिजलेलं असतं, म्हणून सिंह बहुतेकदा मातीच्या रस्त्यावरून चालतात. गाडीतून उतरायची परवानगी नाही, त्यामुळे ठसे वरूनच वाचायला शिका. मांजरकुळातल्या जनावराच्या तळव्याची मागची कड तीन गोलाईंची असते. सिंह आणि बिबट्या चालताना नखं आत ओढतात. चित्त्याची नखं मात्र मातीत उमटतात. नखं तरसाचीही उमटतात, म्हणून नखांबरोबर तळव्याची मागची कडही बघा. कडा धारदार असतील आणि ठशावरून किड्यामुंगीची वाट गेलेली नसेल, तर माग ताजा.

ठसे गवतात शिरले की पुढचं काम हरणांवर सोपवा. इंपालांचा अख्खा कळप एकाच दिशेला तोंड करून नाकातून फुरफुरत असेल, तर तिथे कोणीतरी आहे. टोपी नावाचा मोठा हरणासारखा प्राणी वारुळावर चढून पुतळ्यासारखा उभा राहतो. त्याची नजर ज्या रेषेत आहे, त्या रेषेत दुर्बीण फिरवा. जिराफाला तर उंचावरून सगळंच दिसतं. व्हर्व्हेट माकडं बिबट्यासाठी, गरुडासाठी आणि सापासाठी वेगवेगळा इशारा देतात, आणि बिबट्याचा इशारा झाला की झाडावर चढतात. गिधाडं पाय खाली सोडून सरळ उतरत असतील तर खाली मांस आहे. आसपासच्या झाडांवर नुसती बसून राहिली असतील, तर मांसाचा मालक अजून तिथेच आहे. तालेक नदीकाठची मोठी झाडं फांदी-फांदी तपासा. बिबट्या दिसण्याआधी बहुतेक वेळा लोंबणारी शेपटी किंवा वर नेऊन ठेवलेल्या इंपालाचे पाय दिसतात.

जनावर सापडलं की सगळ्यांना लगेच जवळ जायचं असतं. थांबा. आधी सूर्य कुठे आहे, वारा कुठून आहे आणि भक्ष्य कुठे आहे ते बघा. चित्ता थॉमसन गॅझेल या छोट्या हरणावर नजर लावून बसला असेल, तर त्या दोघांच्या मधल्या रेषेत गाडी कधीही नेऊ नका. बाजूला, लांब, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. धाव तुमच्या समोरून आडवी गेली तर फ्रेममध्ये ती जास्त वेळ टिकते. तिथले नियमही हेच सांगतात: जनावरापासून किमान २५ मीटर अंतर, एका वेळी पाचच गाड्या, आणि रस्ता सोडून गाडी घालायची नाही. याबाबत मी हट्टी आहे. २०१८ साली मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीची एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली; वर्दळ कमी असलेल्या भागात २.३. शॉट मिळाला नाही तरी चालेल, गाडी मागे घ्या.

इंजिन बंद. गाडीत तिपाई उभी राहत नाही. खिडकीवर किंवा छताच्या कडेवर बीनबॅग ठेवा. रिकामी पिशवी विमानातून न्यायची आणि तिथे तांदूळ भरायचे. सोबतच्यांना हलू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, सीटवर कोणी कूस बदलली तरी फ्रेम डोलते. धावेसाठी सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेम्स ठेवा. शांत दृश्यांना २५ किंवा ५० पुरतात, शटर त्याच्या दुप्पट. कॅमेऱ्यात प्री-रेकॉर्ड (बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही साठवणारी सोय) असेल तर चालू ठेवाच. चित्त्याची धाव काहीशे मीटरांत संपते. बटण दाबेपर्यंत ती होऊनही जाते.

आणि फक्त धाव चित्रित करून चालत नाही. गॅझेलची मान वर होणं, चित्त्याच्या खांद्याची हाडं गवताच्या वर-खाली होणं, कानावरच्या माश्या, हे सगळं घ्या. प्रत्येक शॉट निदान पंधरा सेकंद न हलवता धरा. शेवटी एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसता आवाज रेकॉर्ड करा. संकलनाच्या वेळी त्याची किंमत कळते. उघड्यावर लेन्स बदलू नका, तिथली धूळ फार बारीक असते.

सिंह दिवसातले वीस तासही पडून राहू शकतात, तेव्हा दुपारी तुम्हीही जेवून घ्या.

चारनंतर सकाळी दिसलेल्या सिंहांच्याच कळपाकडे परत जा. झोपलेल्या सिंहांचा कंटाळा येतो आणि गाड्या निघून जातात, नेमकी तेव्हाच थांबायची वेळ असते. एक सिंहीण जांभई देते, मग दुसरी, कोणी उठून अंग ताणतं, एकमेकींना डोकं घासतात. पहिल्या जांभईलाच रेकॉर्डिंग सुरू करा. पण ६ वाजता दारं बंद होतात, हे विसरू नका. अंधारात चित्रण करायचं असेल तर उत्तरेकडच्या नाबोईशोसारख्या कॉन्झर्व्हन्सीत (राखीव क्षेत्राला लागून असलेल्या, वेगळ्या संरक्षित क्षेत्रात) मुक्काम करा, तिथे रात्री फिरायला परवानगी असते.

रात्री कार्डं दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि वहीत लिहून ठेवा: कळप शेवटी कुठे दिसला, तोंड कुठे होतं, पोटं भरलेली होती की खपाटीला गेलेली. भरल्या पोटाचे सिंह सकाळी तिथून फार लांब गेलेले नसतात. नर-मादीची जोडी जमली असेल तर ती दोघं काही दिवस एकमेकांना सोडत नाहीत, त्यांच्यासाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवा.