नवी गाडी परत करायचीय? आधी जॉबकार्ड वाचायला शिका

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. त्या चढावर माझ्या अकरा दिवसांच्या नव्याकोऱ्या गाडीने मान टाकली. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, आणि गिअर सुटून न्यूट्रलला गेलेला. मागे उसाचा ट्रक. हे शेजारी बसून ‘हँडब्रेक, हँडब्रेक’ करत होते, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटं गाडी बंद ठेवून पुन्हा चालू केली, तर काही झालंच नाही अशी निघाली. नवी गाडी बिघडली की बहुतेक वेळा अशीच बिघडते. मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी वागते.

मी बँकेत बत्तीस वर्षं कॅश काउंटर सांभाळला. ज्याचं व्हाउचर नाही तो व्यवहार झालेला नाही, एवढं एकच तत्त्व मला येतं. गाडीच्या भांडणात व्हाउचर म्हणजे जॉबकार्ड, गाडी दुरुस्तीला घेताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं तो कागद.

पहिल्यांदा गाडी वर्कशॉपला नेली तेव्हा तिथल्या मुलाने कार्डावर लिहिलं, ‘जनरल चेकअप’. मी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: ‘चढावर चालत्या गाडीत गिअर आपोआप न्यूट्रलला जातो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, १,१४२ किलोमीटर.’ तो म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये एवढं बसत नाही.’ म्हटलं, कागदावर बसतंय ना, मग झालं. पुढच्या प्रत्येक खेपेला मी शब्दाला शब्द तेच वाक्य लिहिलं. आज ‘पिकअप नाही’, उद्या ‘आवाज येतो’ असं लिहिलंत, तर समोरचा वकील म्हणणार की या तर सगळ्या वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी आहेत. एकच दोष, चार दुरुस्त्या आणि तरी तोच दोष, ही साखळी कागदावर दिसली पाहिजे.

गाडी परत देताना ते सहीला कागद पुढे करतात. त्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं की काम समाधानकारक झालं. सही केल्याशिवाय गेटपास नाही. मी सही करायचे आणि शेजारी लिहायचे, ‘गाडी मिळाली, तक्रार कायम.’ मग फोटो काढायचा, किलोमीटरच्या आकड्याचाही. घाटात दिवा लागला की शेजारच्या माणसाने व्हिडिओ घ्यायचा. चालवणाऱ्याने नाही.

आता कायदा. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवतं की तीस दिवसांत गाडी परत करता येते. ती तरतूद ब्रिटनच्या २०१५च्या कायद्यातली आहे. आपल्याकडे असे दिवस मोजून दिलेले नाहीत. आपल्याकडे आहे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्याच्या कलम ३९खाली जिल्हा ग्राहक आयोग दोष काढून देण्याचा, गाडी बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो. वर भरपाई. पण दोष आहे हे दाखवायचं काम तुमचं.

नाकारायची सर्वांत सोपी वेळ म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीची, नोंदणी होण्याच्याही आधीची. पेढे आणि हार बाजूला ठेवून यार्डात उजेडी जा. चासी नंबर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, रंगाच्या छटेतला फरक, टायर, सगळं बघा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या हाती २०११ साली नवी म्हणून आधी सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली २००९ची गाडी पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ साली निकाल लागला तेव्हा उत्पादक कंपनी सुटली, जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. म्हणूनच तक्रारीत विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे दोघांच्याही विरुद्ध तक्रार लावा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ताब्यात घेतल्यावर दोष दिसला तर गप्प बसून गाडी वापरत राहू नका. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यात असं आहे की वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जातं. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही: नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारात नेऊन टाकण्याचं बंधन तुमच्यावर नाही, नाकारतोय एवढं कळवलं की पुरे. तर ईमेल करा, आणि तेच पत्र पोस्टाने पोच मागून दोघांनाही धाडा. मी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. उत्तर म्हणून ‘सॉफ्टवेअर अपडेट करून देतो’ असा फोन आला. म्हटलं, हेच ईमेलवर कळवा. आजतागायत कळवलेलं नाही.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा फोन नंबर आहे. तिथे नोंद जरूर करा, काही कंपन्या तेवढ्यानेही हलतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. त्यासाठी आयोग. शोरूम पुण्याचं असलं तरी मी साताऱ्यातच तक्रार दाखल केली, कारण २०१९च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे दाखल करायची मुभा दिली आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. माझी गाडी ९ लाख ६० हजारांची, त्यावर शुल्क २०० रुपये. पाच लाखांपर्यंत तर काहीच नाही. ऑनलाइन दाखल करायची तर २०२५पासून ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. मी केला, कारण उलटतपासणीची भाषा मला येत नाही. तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत मात्र पाळा. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणत वर्कशॉप ती सहज खाऊन टाकतं. आणि गाडी टॅक्सी म्हणून स्वतः चालवून पोट भरत असाल, तर तुम्हीही ग्राहकच.

मागणी कशी लिहायची यावर माझ्या वकीलबाईंनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलंय की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं आश्वासन असेल, तर एका भागासाठी अख्खी गाडी बदलून मिळणार नाही. तेव्हा नुसतं ‘नवी गाडी द्या’ म्हणून थांबू नका. आम्ही पायऱ्या लावल्या: गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे व्याजासह द्या, तेही नाही तर संपूर्ण गिअरबॉक्स नवा, वाढीव वॉरंटीसह. आणि प्रत्येकासोबत मनस्तापाची भरपाई व खर्च वेगळा.

‘निर्मिती दोष’, म्हणजे गाडी बनतानाच राहिलेला दोष, हा शब्द आपण लिहून चालत नाही, तो तज्ज्ञाने म्हणावा लागतो. तक्रारीसोबतच अर्ज करा की गाडीची तपासणी करवावी. पुण्याची एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था किंवा शासकीय तंत्रनिकेतनाचा ऑटोमोबाइल विभाग असं नाव सुचवता येतं. खर्च आधी तक्रारदाराच्या खिशातून जाऊ शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तुम्ही वर्षांचा हिशोब धरा.

या काळात हप्ता थांबवू नका. रागाने थांबवावासा वाटतो, आमच्या ह्यांनाही वाटला. पण बँकेने तुम्हाला वाईट गाडी विकलेली नाही, आणि थकबाकीचा डाग मात्र तुमच्या नावावर पडेल.

तज्ज्ञांचा अहवाल आल्यावर समोरचे एकदम मऊ झाले आणि मध्यस्थीत तडजोड झाली. शोरूमची किंमत परत, रोड टॅक्स अर्धा, विमा बुडाला. ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर मी सही केली, पण आधी तो तीनदा वाचला, कारण त्यात रक्कम होती आणि तारीख नव्हती. तारीख घालून घेतली. गाडी नेताना ते म्हणाले, ‘ट्रान्सफरचं आम्ही बघतो, किल्ली द्या.’ नाही दिली. नोंदणी माझ्या नावावर असताना त्यांच्या माणसाने कुणाला ठोकलं, तर भरपाईसाठी नोटीस मला येणार. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरले, नोंदणीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला बँकेकडून फॉर्म ३५ आणला, गाडी मिळाल्याची तारीख-वेळेसकट पोच शिक्क्यासह घेतली. दोन्ही किल्ल्या मी त्यानंतर काउंटरवर ठेवल्या, आणि त्याही पोचेत लिहून घेतल्या.