हृदयदोष असलेल्या तान्ह्या बाळाचे ठोके घरी कसे मोजायचे

लहान मुलांच्या हृदयरोग वॉर्डात मी नर्स आहे. डिस्चार्ज मिळाला की आईबाबा हमखास विचारतात, ‘सिस्टर, ठोके कितीच्या वर गेले की घाबरायचं?’ मी उलट विचारते, मोजले तेव्हा बाळ काय करत होतं?

पहिल्या वर्षात जागेपणी मिनिटाला 100 ते 180 आणि झोपेत 90 ते 160 ठोके चालतात. रडण्याने, तापाने ते वाढतात, म्हणून बाळ झोपलेलं असताना मोजा. दंडाच्या आतल्या बाजूला, काख आणि कोपर यांच्या मधोमध, दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण 60 सेकंद मोजा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. हा चढउतार व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या एका मज्जातंतूमुळे होतो आणि तो चांगला असतो.

व्हेगस ठोक्यांचा वेग आवरते, सिम्पथेटिक नसा (हेही मज्जातंतूच, रक्तवाहिन्या नव्हेत) तो वाढवतात. हृदयात मोठं छिद्र असलं तर बरंचसं रक्त पुन्हा फुप्फुसांकडेच वळतं. तान्ह्या हृदयाला एका ठोक्यात फारसं जास्त रक्त ढकलता येत नाही, मग सिम्पथेटिक नसा ठोक्यांचा वेगच वाढवत राहतात आणि तो चढउतार दबतो. बोटांना हे कळणार नाही, पण दूध पाजताना दिसतं: चार घोट घेऊन बाळ थांबतं, धापा टाकतं, कपाळावर घामाचे थेंब येतात. माझ्या मते नुसत्या आकड्यापेक्षा हा घाम जास्त सांगतो. वहीत ठोक्यांशेजारी झोप की जाग, दूध किती, प्यायला वेळ किती, घाम आला का, हेही लिहा.

भुकेने रडायला लागण्याआधीच पाजा, थोडं थोडं पाजा. उघड्या छातीशी धरलं की बरीच बाळं शांत होतात.

डिगॉक्सिन किंवा प्रोप्रॅनोलॉल ही ठोके मंदावणारी हृदयाची औषधं चालू असतील तर डोसआधी ठोके मोजा. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याखाली ठोके असतील तर डोस थांबवून आधी फोन करा.

शांत असूनही ठोके 220 च्या पुढे किंवा मोजताच येत नाहीत इतके जलद, श्वास मिनिटाला 60 च्या वर, बाळ मलूल, ओठ निळे पडलेले, यातलं एकही दिसलं तर वही राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा. फॅलो टेट्रॉलॉजी (फुप्फुसांकडे रक्त कमी जाणारा जन्मजात हृदयदोष) असलेलं बाळ अचानक निळं पडलं तर वाटेत त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा.