बॅटरीवरच्या वस्तू आपोआप बंद करणारा स्वस्त टायमर: नागपुरात काय घ्यावं, कसं जोडावं

दुकानात जाऊन नुसतं "टायमर द्या" म्हटलं की समोरचा हमखास भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचा टायमर काढून ठेवतो, गीझर-मोटरवाला. तो २३० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंसाठी. सेलवरच्या रेडिओला, टॉर्चला किंवा १२ व्होल्टच्या पंख्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि बॅटरीवाला म्हणून ऑनलाइन जे मिळतं त्यात बरेच असे की टायमरच बॅटरी पिऊन टाकतो. त्यामुळे किंमत विचारायच्या आधी टायमर स्वतः किती करंट खातो ते बघायचं, बाकी सगळं नंतर.

हिशोब सोपा आहे. छोटा ट्रान्झिस्टर हळू आवाजात साधारण ३०-४० मिलिअँप घेतो (मल्टिमीटर म्हणजे करंट-व्होल्ट मोजायचा मीटर, तो सिरीजमध्ये म्हणजे बॅटरी आणि रेडिओच्या मधल्या वाटेत लावून आपल्या रेडिओचं मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम). त्याला ५ व्होल्टचा निळा रिलेवाला मॉड्यूल (रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच) लावला तर त्या रिलेची नुसती कॉइलच ७० मिलिअँप ओढते, म्हणजे रेडिओपेक्षा चौकीदाराचा पगार दुप्पट! बरं, रिले नको म्हणून साध्या एनई५५५ आयसीचा टायमर कायम बॅटरीवर ठेवला तर तो काही न करता ३ मिलिअँपच्या आसपास खात बसतो, दिवसाला ७२ एमएएच (मिलिअँप-तास), २००० एमएएचचे चांगले अल्कलाइन सेल महिनाभरात नुसते बसल्याबसल्या खलास. ५५५ बिचारा १९७२ पासून बाजारात आहे, कुठंही मिळतो, १०-१५ रुपयांत येतो, पण या कामाला त्याचा सीमॉस भाऊ ७५५५ घ्यावा लागतो जो मिलिअँपच्या दहाव्या हिश्शाच्याही आत भागवतो. आणि तोही बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) पहिल्याच दुकानात मिळेल याची खात्री नाही.

काही विकत घ्यायच्या आधी एकदा वस्तूवरची बटणं नीट पाहा. बऱ्याच डिजिटल एफएम रेडिओंना स्लीपचं म्हणजे ठरल्या वेळानं आपोआप बंद करायचं बटण असतं आणि घरात कोणी ते कधी दाबलेलंच नसतं. असेल तर विषयच संपला.

नसेल तर माझ्या मते सगळ्यात भारी उपाय म्हणजे चावीचा टायमर, जो सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये असतो. स्प्रिंगवर चालतो, आत एक स्विच, बॅटरीतून शून्य करंट. चालू असताना पण शून्य, बंद झाल्यावर पण शून्य. स्पिनचा टायमर ५ मिनिटांचा असतो, वॉशचा १५ मिनिटांचा, आणि ओटीजी म्हणजे केक भाजायच्या ओव्हनचा ६० मिनिटांचा. नवा स्पेअर साधारण शे-दोनशेच्या आसपास पडतो, आणि महाल, सक्करदरा, गोकुळपेठ कुठंही वॉशिंग मशीन रिपेअरवाल्याकडे जुन्या मशीनमधून काढलेले पडलेलेच असतात. विचारायचं कसं तेही सांगतो, नाहीतर तो मॉडेल नंबर विचारत बसेल.

"भाऊ, वॉशचा जुना टायमर आहे का? चालू पाहिजे फक्त."
"कोणत्या कंपनीची मशीन हाय?"
"मशीनमध्ये नाही लावायचा, रेडिओला लावून राहिलो. कोणताबी चालते."
"रेडिओले?" मग तो दोन मिनिटं तुमच्याकडे पाहते, आणि डब्यातून तीन-चार काढून देते.

तिथंच तपासून घ्या. मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन वायरींना टोकं लावा, नॉब फिरवा. स्पिनच्या टायमरला दोनच वायरी असतात, नॉब शून्यावर येईपर्यंत बीप सलग वाजली पाहिजे. वॉशच्या टायमरला वायरी जास्त असतात कारण मोटर एकदा इकडे एकदा तिकडे फिरवायची असते, त्यामुळे काही जोड्यांवर बीप मधेमधे तुटेल. ती जोडी सोडा, सलग वाजणारी जोडी शोधा, बहुतेकांत एक असते. नॉब सोबतच मागून घ्या, दांडा एका बाजूनं चपटा असतो, दुसरा नॉब बसत नाही. आणि उलटा फिरवू नका, आतले दाते जातात.

रात्री रेडिओ ऐकणाऱ्यासाठी ओटीजीचा ६० मिनिटांचाच बरा, पण त्यात एक गंमत आहे. वेळ संपली की तो टण्णकन घंटा वाजवतो. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसाला झोप लागावी म्हणून एवढा खटाटोप केला त्यालाच रात्री अकराला उठवून बसवणार! आतली घंटीची वाटी बहुतेक वेळा एका स्क्रूवर असते, ती काढून टाका. टिकटिक राहते, ती उशीपासून हातभर लांब ठेवली की ऐकू येत नाही.

रेडिओ खोलायचा नसेल तर जोडणी अशी. दोन्ही बाजूंनी तांबं असलेला पीसीबीचा (सर्किट बोर्डचा) पातळ तुकडा घ्या, बोटाच्या नखाएवढा कापा, दोन बाजूंना एकेक बारीक वायर सोल्डर करा. हा तुकडा सेलचं टोक आणि रेडिओतली पट्टी यांच्यामध्ये सरकवा. आता करंट एका बाजूनं बाहेर येऊन टायमरमधून फिरून दुसऱ्या बाजूनं आत जाणार. तुकड्याच्या कडा कानशीनं घासून घ्या, कडेला तांब्याचं कूस राहिलं तर दोन्ही बाजू चिकटतात आणि टायमर असून नसल्यासारखा, रेडिओ चालूच. वायरी सेलच्या झाकणाच्या फटीतून बाहेर काढा. वॉरंटी पण जात नाही आणि आजोबांची बोलणी पण बसत नाहीत.

चावीच्या टायमरचा आणखी एक फायदा रेडिओवालेच जाणे. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर म्हणजे मीडियम वेव्हला लागतं, आणि स्वस्त डिजिटल मॉड्यूल, खास करून व्होल्टेज वाढवणारे, मीडियम वेव्हवर घरघर सोडतात. बातम्यांपेक्षा मॉड्यूलच जास्त ऐकू येतं.

टॉर्च, कपाटातला एलईडी, जिन्यातला छोटा दिवा यांना चावी फिरवत बसणं जड जातं, तिथं बटण दाबलं आणि दहा मिनिटांनी आपोआप विझलं असं पाहिजे. त्यासाठी एक मॉसफेट (गेट नावाच्या पायाला व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या दोन पायांतून करंट सोडणारा स्विच), एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा), दोन रेझिस्टर, एक पुश बटण, बस. बर्डीत मोदी नंबर एक, दोन, तीन म्हणतात त्या गल्ल्यांमध्ये पार्टवाल्यांकडे विचारा. मॉसफेट आयआरएलझेड४४एन मागा, आणि "एल" वर जोर द्या, कारण दुकानात आयआरएफझेड४४एन जास्त असतो आणि "सेमच आहे" म्हणून तोच हातात देतात. सेम नाही. एलवाला १-२ व्होल्टला उघडायला लागतो, एफवाल्याला २ ते ४ लागतात, तीन सेलच्या साडेचार व्होल्टवर तो धड उघडेल याचा भरवसा नाही.

जोडणी: दिव्याची प्लस बॅटरीच्या प्लसला, दिव्याची मायनस मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स बॅटरीच्या मायनसला. गेट आणि सोर्सच्या मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (मायनस पाय सोर्सकडे) आणि त्यालाच समांतर ४.७ मेगाओमचा रेझिस्टर. बॅटरीच्या प्लसपासून १०० ओममधून पुश बटण, बटणाचं दुसरं टोक गेटला. बटण दाबलं की कपॅसिटर भरतो, दिवा लागतो, मग कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो आणि दिवा मंद होत विझतो. ९ व्होल्टवर साधारण १०-१२ मिनिटं मिळतात, तीन सेलवर ६ च्या आसपास. जास्त हवं तर ४.७ मेगाओमच्या जागी १० मेगाओमचा रेझिस्टर टाका. विझल्यावर बॅटरीतून जवळपास काहीच जात नाही. दोन सेलच्या ३ व्होल्टवर मात्र याचा भरवसा नाही, तिथं परत चावीचाच.

घड्याळ लावून बसू नका, वेळ पुढेमागे होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतःच थोडा गळतो आणि उन्हाळ्यात जास्त गळतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की डिसेंबरातले दहा मिनिटं तेवढेच राहत नाहीत. पावसाळ्यात ओल आणि सोल्डरचा चिकट फ्लक्स मिळून ४.७ मेगाओमला पळवाट करून देतात, म्हणून सोल्डरिंग झालं की थिनरनं ब्रश मारून साफ करा, गेटच्या आजूबाजूला तर नक्कीच.

हा प्रकार पंख्याला लावू नका. मॉसफेट हळूहळू बंद होताना मधल्या अवस्थेत तापतो, एलईडीच्या दहा-वीस मिलिअँपला काही होत नाही पण पंख्याच्या दीड अँपिअरला भाजून निघतो.

लाईन गेल्यावर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर डीसी पंखा चालवणाऱ्यांनी खुशाल रिलेवाला डिस्प्लेचा मॉड्यूल घ्यावा, ६ ते ३० व्होल्टवर चालतो. रिलेची कॉइल जे काही घेते, दीड अँपिअरच्या पंख्यापुढे ते चिल्लर. फक्त पॉवर येताच रिले ओढून वेळ मोजायला लागतो असा मोड आहे का ते विचारून घ्या. मग युक्ती अशी करायची की मॉड्यूल आणि पंखा दोघांची प्लस एकाच पुश बटणातून न्यायची आणि रिलेचे नॉर्मली ओपन (रिले ओढल्यावरच जुळणारे) कॉन्टॅक्ट त्या बटणाला समांतर जोडायचे. बटण दाबलं, रिलेनं स्वतःलाच धरून ठेवलं, वेळ संपली की रिले सुटला आणि मॉड्यूलसकट सगळं मेलं. बटण पण पंख्याचा करंट सोसेल असं घ्या. बॅटरीच्या प्लसला लागून ३ अँपिअरचा फ्यूज टाका, तो टाळू नका, लेड-ॲसिड बॅटरीची वायर शॉर्ट झाली की लाल होते.

दिवाळीच्या माळांसाठी एवढं काहीच नको. तीन सेलच्या काही माळांच्या डबीतच टायमर असतो, ६ तास चालू, १८ तास बंद, आणि रोज त्याच वेळेला परत लागते. माळ मेली तरी डबी फेकू नका, दुसऱ्या माळेला जोडता येते.

नेब्युलायझर किंवा कोणाच्या तब्येतीशी संबंध असलेल्या वस्तूला मात्र यातलं काहीही लावायचं नाही.