शुक्राणू वाढवायला सप्लिमेंट घेताय? या चुका टाळा

शुक्राणूंचा काउंट कमी आला की रात्रभर मोबाईलवर शोधाशोध, आणि दोन दिवसांत झिंक, कोक्यूटेन, अश्वगंधा अशा तीन डब्या घरात. कितीतरी जण तर रिपोर्ट न काढताच सुरू करतात. मीही तेच केलं, आठ महिने गोळ्या खाल्ल्या आणि नंतर कळलं की व्हेरिकोसील आहे, म्हणजे अंडकोषाजवळच्या शिरा फुगल्यात, आणि हे डॉक्टरांनी नुसतं हाताने तपासून सांगितलं. ते आठ महिने माझ्या एकट्याचे नव्हते, बायकोचं वयही तेवढंच पुढे गेलं, ही गोष्ट मला अजून लागते.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, तपासणीआधी गोळी. मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांत साधारण ३५ ते ४० टक्क्यांना व्हेरिकोसील सापडतं. कुणाची शुक्राणू बाहेर आणणारी नळी बंद असते, कुणाला ती जन्मापासूनच नसते, कुणाचे हार्मोन बिघडलेले असतात, तिथे व्हिटॅमिन काय करणार? रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले असतील तर सप्लिमेंटवर एक दिवससुद्धा घालवू नका, सरळ युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर) गाठा. आणि वर्षभर प्रयत्न करूनही काही होत नसेल (बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहाच महिने) तर दोघांचीही तपासणी एकदमच करा, आधी तिची सगळी आणि मग वेळ मिळाला तर त्याची, असं नको.

एका रिपोर्टवरून घाबरायचं पण नाही. वीर्याचं सॅम्पल देण्याआधी वीर्य न सोडता २ ते ७ दिवस गॅप लागतो, आणि मधे जोरदार ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने आकडे खाली दिसू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये मिलीलीटरला १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा दिलीय, पण त्याच्या खाली म्हणजे मूल होणारच नाही असं नाही आणि वर म्हणजे नक्की होणार असंही नाही. काही आठवड्यांनी परत टेस्ट करा.

आता सप्लिमेंटचा उपयोग किती, तर अपेक्षा आवरा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात उपचारासाठी आलेली २३७० जोडपी होती, पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलीग्रॅम झिंक आणि ५ मिलीग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, काहींना नुसती डमी गोळी. मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, काउंट-मोटिलिटीतही (शुक्राणूंच्या हालचालीतही) नाही, उलट खऱ्या गोळीवाल्यांत शुक्राणूंच्या डीएनएची तुटफूट थोडी जास्तच निघाली. अँटिऑक्सिडंटचे इतर बरेच अभ्यास छोटे आहेत, काहींत फायदा दिसतो पण पुरावा कच्चा आहे. म्हणजे डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण यावरच सगळा भरवसा ठेवून पुढचे उपचार लांबवू नका.

तीन डब्या एकदम घेणाऱ्यांनी लेबलं शेजारी ठेवून बेरीज करा, कारण झिंक आणि सेलेनियम जवळपास प्रत्येकीत असतं. मोठ्या माणसाला झिंक दिवसाला ४० मिलीग्रॅमच्या वर नको असं धरतात, महिनोनमहिने जास्त गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्याने रक्त कमी होणं, हातापायाला मुंग्या असं होऊ शकतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर व्हिटॅमिन ई विचारल्याशिवाय नको. आणि अश्वगंधा नैसर्गिक आहे म्हणून काही होत नाही असं समजू नका, तिच्याने लिव्हरला त्रास झालेल्या केसेस आहेत.

आणि ही चूक तर कळकळीने सांगतो. मर्दानी ताकद वाढेल म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल, किंवा जिममध्ये कुणीतरी हातात ठेवलेलं स्टेरॉईड, हे मूल हवं असताना अजिबात घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच आणि एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारे हार्मोन, सोडणं कमी करतो आणि अंडकोषांचं काम थंडावतं, काउंट अगदी शून्यावर येऊ शकतो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. आधीच घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर इलाज आहे.

पंधरा दिवसांनी टेस्ट करून फरक शोधणं पण व्यर्थ, शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर यायचा वेळ वेगळाच, त्यामुळे तीन महिन्यांआधी काही कळत नाही. त्या तीन महिन्यांत सिगारेट-तंबाखू चालूच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या तर उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. केसांसाठी म्हणून बायोटिन घेत असाल किंवा मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते भरपूर असेल, तर काही मशीनवर हार्मोनचे रिपोर्ट चुकतात, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एफएसएच खोटं कमी दिसू शकतं. रक्त देण्याआधी लॅबला तसं सांगा, किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि अपॉइंटमेंटला जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून सोबत न्या.